खुबी फाटा

हरिश्चंद्रगड किती लांब आहे, याचं उत्तर तुम्ही कुठल्या बाजूने विचारता त्यावर ठरतं. गड अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. पायथ्याचं पाचनई त्याच तालुक्यातलं. राजूरकडून येणारा रस्ता तिथे पोचतो आणि पुढे दोन-अडीच तासांत माणूस मंदिरापाशी येतो. दुसऱ्या बाजूचं खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. तिथून तोलार खिंड चढून जायला चार-पाच तास लागतात. आणि कोकणकड्याच्या तळाशी असलेलं बेलपाडा थेट ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात. तिथून नळीच्या वाटेने वर यायचं तर अख्खा दिवस जातो, शिवाय जाणकार माणूस आणि दोर सोबत हवा.

एकच डोंगर, तीन जिल्हे, तीन अंतरं. आणि चौथं अंतर आमचं, मुंबईच्या पोरांचं, जे किलोमीटरमध्ये नाही तर सुट्टीत मोजलं जातं: शनिवार-रविवार.

आमच्या ग्रुपवर अशा जागांसाठी एक ठरलेला शब्द आहे. ‘रिमोट’. मराठीत पोस्ट टाकायची असेल तर ‘दुर्गम’. शब्द तोच सरकारी कागदातही असतो, पण तिथे तो उणीव म्हणून येतो. दुर्गम भाग म्हणजे जिथे डॉक्टर टिकत नाही, शिक्षक बदली मागतो. आमच्या रीलमध्ये तोच शब्द जाहिरातीचा होतो. जितकं दुर्गम तितकं भारी.

मी आणि माझा रूममेट मागच्या सप्टेंबरात खिरेश्वरच्या बाजूने गेलो. हल्ली ट्रेकच्या ‘इव्हेंट’ असतात. दादरला रात्री बसमध्ये बसायचं, झोपायचं, पहाटे पायथ्याशी उठायचं, चहा-पोहे तयार. त्यात वाईट काही नाही, मी तसे चार-पाच ट्रेक केले आहेत. पण तशा प्रवासात मधलं सगळं झोपेत निघून जातं. डोंगर एकदम डोळ्यांसमोर येतो, जणू तो घाटकोपरच्या मागेच उभा होता. या वेळी आम्ही एसटीने जायचं ठरवलं. दोघांपैकी कुणाकडेच गाडी नव्हती हे खरं कारण, बाकीची तात्त्विक कारणं नंतर सुचली.

शनिवारी पहाटेची लोकल पकडून कल्याण. स्टेशनला लागूनच एसटी स्टँड. नगरच्या बाजूला जाणारी गाडी मिळाली. कंडक्टरने आमच्या सॅककडे पाहिलं आणि आम्ही काही बोलायच्या आत विचारलं, “खुबी ना?” आम्ही हो म्हटलं. त्याने तिकीट फाडता फाडता सांगितलं, “फाटा आला की ओरडतो. झोपा.”

पण झोप लागली नाही, कारण गाडी भरलेली होती आणि बोलत होती. निम्म्याहून जास्त बायका. २०२३च्या मार्चपासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, आणि ते कागदावरचं वाक्य प्रत्यक्षात कसं दिसतं ते या गाडीत कळलं. कुणी माहेरी निघालेली, कुणी मुरबाडच्या बाजारातून परतणारी, कुणी भाचीच्या बारशाला. मुरबाड गेलं, सरळगाव गेलं, टोकावडे गेलं. मग समोर माळशेजची भिंत उभी राहिली आणि गाडी पहिल्या गिअरवर घाट चढू लागली. हा कल्याणहून नगरवरून थेट तेलंगणातल्या निर्मलपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. आम्ही त्यावरून जायचो ते नव्वदेक किलोमीटरच. घाटात सकाळी साडेआठलाच धबधब्यांपाशी गाड्या लागायला सुरुवात झाली होती.

घाटमाथ्यावर ढग रस्त्यावर उतरला होता. कंडक्टर ओरडला, “गडवाले!” आम्ही उतरलो. गाडी ढगात गेली आणि आवाजही तिच्याबरोबर गेला.

खुबी फाट्यावर काय आहे, तर दोन-तीन टपऱ्या, एक वळण आणि पुढे पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी. फाट्यापासून खिरेश्वर पाचेक किलोमीटर. त्यातला बराच भाग धरणाच्या भिंतीवरून चालायचा. डाव्या हाताला, उजव्या हाताला काय आहे ते ढगातून अर्धं अर्धं कळत होतं. मध्येच पाणी दिसायचं, मध्येच भाताची खाचरं. खुद्द हरिश्चंद्रगड दिसतच नव्हता. ज्या डोंगरासाठी आलो तो तासभर चालूनही दिसू नये, याची मजा वाटत होती.

खिरेश्वरात एका घरी चहा घेतला, पाणी भरलं आणि चढायला लागलो. तोलार खिंडीपर्यंत जंगलातून वाट. खिंडीत दगडावर कोरलेला वाघ आहे, शेंदूर फासलेला. तिथून डावीकडे वळलं की कातळटप्पा. रेलिंग लावलेलं आहे, पण पावसाळ्याच्या शेवटी शेवाळ असतं, त्यामुळे हात आणि पाय दोन्ही जपून टाकावे लागतात. वर आल्यावर वाटतं पोचलो. तिथून खरी लांबण सुरू होते. टेकाड चढायचं, ओढ्यात उतरायचं, पुन्हा टेकाड. सोनकी सगळीकडे फुललेली, पिवळीधम्मक. शेवटी दुपारी केव्हातरी हरिश्चंद्रेश्वराचं दगडी मंदिर समोर आलं.

मंदिराच्या अंगणात बसलं की एक गोष्ट कळते. इथे येणं अवघड आहे म्हणून येणारे आम्ही पहिले नव्हेत. चांगदेवांनी इथे तप केलं आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ लिहिला, असं परंपरा सांगते. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. कमरेइतक्या गार पाण्यात मोठं शिवलिंग, भोवती चार खांब होते, त्यातला एकच आता धड उरला आहे. एवढं कोरीवकाम एवढ्या उंचीवर करणारी माणसं धान्य, हत्यारं, सगळं पाठीवर घेऊन याच वाटांनी आली असणार. लोकांपासून लांब राहायचं तरी रोजचं पीठ कुणीतरी वर आणावंच लागतं.

आजही तेच चालू आहे. गडावर पाचनईच्या माणसांच्या झोपड्या आहेत. हंगामात तिथे पिठलं-भाकरी मिळते, तंबू भाड्याने मिळतात. आम्ही रात्री जेवलो त्या झोपडीतल्या काकांनी सांगितलं की तांदूळ, पीठ, कांदे, सिलिंडर, सगळं डोक्यावरून येतं. “शनिवारी सकाळी दोन खेपा. रविवारी रातच्याला रिकामे टोप घेऊन खाली.” त्यांचाही आठवडा आमच्यासारखाच शनिवार-रविवारवर चालतो. फक्त आम्ही त्या दोन दिवसांत सुट्टीवर असतो आणि ते कामावर.

सकाळी कोकणकड्यावर गेलो. हा कडा सरळ खाली जात नाही, आत वळतो, फणा काढलेल्या नागासारखा. खाली कोकण असतं म्हणतात. आम्हाला ढगच दिसला, दूध उकळून वर यावं तसा कड्याच्या काठापर्यंत आलेला. साडेसातच्या सुमारास पाठीमागून ऊन आलं आणि माझी सावली समोरच्या ढगावर पडली. तिच्या डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य. इंद्रवज्र. वीसेक सेकंद असेल, मग ढग हलला.

“माझ्या डोक्याभोवती होतं,” मित्र म्हणाला.

“छे, माझ्या.”

दोघेही खरं बोलत होतो. सूर्य बरोबर पाठीशी आणि समोर धुक्याचे थेंब असतील तर त्या थेंबांवरून प्रकाश मागे, सूर्याच्याच दिशेने फिरतो. त्या रंगीत वर्तुळाचा केंद्रबिंदू म्हणजे पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्याची सावली. म्हणजे दहा माणसं रांगेत उभी राहिली तरी प्रत्येकाला वर्तुळ आपल्याच डोक्याभोवती दिसणार, शेजारच्याभोवती नाही. यात गर्व नाही, भूमिती आहे. जिथे उभे आहात तिथूनच मोजणी सुरू होते.

दहा वाजता उतरायला लागलो. तोलार खिंडीत कालच्या जागी आज एक लिंबू सरबताचं दुकान लागलं होतं. दुकान म्हणजे प्लास्टिकचा कागद, एक हंडा, काकड्या, ताकाच्या बाटल्या. मावशी सरबत करत होत्या आणि त्यांची मुलगी शेजारी दगडावर बसून मांडीवर वही घेऊन काहीतरी सोडवत होती. गिऱ्हाईक आलं की वही मिटायची, ग्लास धुवायचे, पैसे घ्यायचे, पुन्हा वही. मित्राने डोकावून पाहिलं.

“टायट्रेशन?”

“हो.” ती जरा दचकली. मग म्हणाली, “तुम्ही सायन्सवाले का?”

आम्ही दोघंही इंजिनिअर, पण बारावीची केमिस्ट्री सोडून दहा वर्षं होत आली होती. तिने विचारलेला मोलॅरिटीचा प्रश्न आम्ही दोघांनी मिळून सोडवला आणि मावशींनी सरबताचे पैसे घ्यायला नकार दिला. आम्ही ते हंड्याशेजारी ठेवले.

मुलगी ओतूरला बारावी सायन्सला होती. तिथेच वसतिगृहात राहायची. दर शनिवारी गावी यायची, रविवारी दुपारपर्यंत आईला दुकानात मदत करायची आणि संध्याकाळी परत. “उद्या साडेसातला प्रॅक्टिकल आहे,” तिने सांगितलं. “सकाळच्या गाडीने गेले तर पोचत नाही. म्हणून आजच जायचं. आठला फाटक बंद होतं.”

मी मनात तिचा आठवडा मांडून पाहिला. शनिवारी वर, रविवारी खाली. आमच्याच वेळा. एकच फाटा. आम्ही शहरातून डोंगराकडे सुट्टीला येतो, ती डोंगरातून शिकायला ओतूरला जाते. आम्ही ज्याला ट्रेक म्हणतो त्या वाटेचा अर्धा भाग ती ग्लास धुवायला चढते. बारावीपर्यंतच्या खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास मोफत असतो. तो तिच्या वहीच्या कव्हरात होता. म्हणजे तिच्यासाठी प्रवासाला पैसे लागत नव्हते. फक्त गाडी वेळेवर यायला हवी होती.

खिरेश्वरात जेवून आम्ही धरणाच्या भिंतीवरून परत निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. अर्ध्या वाटेत मागून एक मोटारसायकल आली. मुलीचे वडील आणि मागे ती, मध्ये कपड्यांची पिशवी. तिने हात हलवला. आम्हीही हलवला. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा ते दोघं आमच्या आधी अर्धा तास येऊन उभे होते.

आता फाट्याचा नकाशा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रस्त्याच्या एका बाजूला कल्याणकडे जाणारी माणसं उभी राहतात. समोरच्या बाजूला ओतूर, आळेफाट्याकडे जाणारी. मध्ये दोन लेनचा रस्ता. आम्ही इकडे, ते तिकडे. तिची गाडी कल्याणहून घाट चढून येणार. आमची गाडी आळेफाट्याकडून येऊन घाट उतरणार.

साडेपाच झाले. एकही एसटी आली नाही, ना त्या बाजूने ना या बाजूने. घाटाकडून येणाऱ्या गाड्या सुटत होत्या त्या तुटक तुटक, पाच मिनिटं शांतता आणि मग एकदम आठ-दहा. टपरीवाल्याने सांगितलं, “घाट जाम हाय. रविवार ना.” रविवार म्हणजे धबधब्यांपाशी रस्त्यात लावलेल्या गाड्या, टपावर स्पीकर, भिजलेली माणसं, भुट्टे. काल सकाळी आमची गाडी घाट चढताना ज्याची सुरुवात दिसली होती, त्याचं हे दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचं रूप होतं. त्या रांगेत कुठेतरी ओतूरची एसटी उभी असणार.

मित्र रस्ता ओलांडून वडिलांकडे गेला. मीही गेलो. चहा सांगितला.

“काका, गाडीवरच का नाही सोडत?” मित्राने विचारलं.

“सोडतो की कधीकधी,” ते म्हणाले. “पण येताना अंधार पडतो. ढग खाली उतरला की दोन हात पुढचं दिसत नाही. ट्रकवाल्याला मी दिसत नाही अन् मला ट्रक.” मग घड्याळ पाहून म्हणाले, “साडेसहापर्यंत बघू. नाहीतर मग जाऊच.”

मुलगी काही बोलली नाही. तिने पिशवीतून वही काढली होती, पण उघडली नव्हती.

इथे एक गोष्ट लक्षात आली, जी मी आजवर डोंगरातून परत येताना कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी या रस्त्यावरून सगळं शहराकडे जातं. ओतूर-नारायणगाव पट्ट्यातली भाजी, टोमॅटो, कांदे कल्याणच्या, नवी मुंबईच्या बाजारात सकाळी पोचायला हवेत, म्हणून टेम्पो संध्याकाळी निघतात. दुधाच्या गाड्या त्याच दिशेने. शनिवारी आलेल्या मोटारी त्याच दिशेने. म्हणजे रविवारी संध्याकाळी खुबी फाट्यावर हात करून उभं राहायचं असेल तर आमची बाजू बरी. एसटी नाही आली तरी कुणीतरी थांबेल. उलट दिशेला, ओतूरकडे जाणारं वाहन म्हणजे एसटी, नाहीतर घाटातून सुटलेल्या आणि आधीच गच्च भरलेल्या मोटारी. आणि त्या थांबल्या तरी वडील आपल्या मुलीला अनोळखी मोटारीत बसवणार नव्हते. आम्ही दोन पुरुष, कशातही बसू शकत होतो.

सहाच्या सुमारास कोबीने भरलेला एक टेम्पो टपरीपाशी चहाला थांबला. ड्रायव्हरने आमच्या सॅक पाहून स्वतःच विचारलं, “कल्याण? केबिनमध्ये दोघं बसाल दाटीवाटीने.”

मित्र माझ्याकडे पाहत राहिला. मला कळलं तो काय विचार करतोय, पण करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही थांबलो म्हणून एसटी लवकर येणार नव्हती. वडिलांनीच समोरून हात केला. “बसा, बसा. ही गाडी सोडू नका. आमची येतेच आता.” मुलीने मान हलवली. मित्राने ओरडून सांगितलं, “रीडिंग तीनदा घे. दोन जुळली की झालं.” ती पहिल्यांदा मोकळी हसली.

टेम्पो निघाला. घाटमाथ्यावरच्या वळणापासून रांग लागली. आमची उतरती लेन मुंगीच्या चालीने का होईना सरकत होती. चढती लेन थांबलेली होती, कारण तिच्या कडेला, धबधब्याच्या बाजूने, मोटारी लावलेल्या होत्या आणि उरलेल्या जागेतून एका वेळी एकच वाहन जात होतं. दोन पोलीस भिजत शिट्ट्या वाजवत होते. माणसं गाड्यांचे दरवाजे उघडे टाकून नाचत होती. त्यांचा राग यावा असं काही नव्हतं. बहुतेक आमच्याच वयाची, आमच्यासारखीच सोमवारी कामावर जाणारी.

बोगद्याच्या अलीकडे एसटी दिसली. तिच्यापुढे मोटारींची रांग, मागे रांग. ड्रायव्हरने इंजिन बंद करून हात स्टिअरिंगवर ठेवले होते. आत माणसं उभी होती, दारापर्यंत. आमच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून त्याला विचारलं, “किती वेळ?”

“पाऊण तास झाला,” तो म्हणाला. “उद्या बघा, घाट मोकळा. उद्या आमचाच.”

मी घड्याळ पाहिलं. सहा वाजून पंचवीस मिनिटं. रांग तेव्हाच सुटली असती तरी फाट्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, तिथून ओतूर तासभर. आठच्या फाटकाला ते जेमतेम पुरलं असतं, पण रांग हलत नव्हती. मग वडिलांनी साडेसहाला मोटारसायकलला किक मारली असेल. ढग तेव्हा खाली उतरलेला होता, हे आम्ही घाटात उतरताना पाहत होतो. समोरच्या गाडीचे लाल दिवेही पुसट होत चालले होते.

टेम्पोवाला बोलका होता. कोबीचे भाव, डिझेल, पोराची दहावी. मित्र उत्तरं देत होता. मी गप्प होतो. कड्यावरचं वर्तुळ आठवत होतं, ज्याचा मध्य प्रत्येकाला आपल्याच डोक्याशी दिसतो. मी दोन दिवस या डोंगराला दुर्गम म्हणत होतो आणि ते खोटं नव्हतं. माझ्या बाजूने मोजलं तर तो दोन गाड्या, पाच किलोमीटर भिंत आणि पाच तासांची चढण इतका लांब होता. पण त्याच फाट्याच्या पलीकडच्या बाजूने ओतूर, म्हणजे एक तासाचं अंतर, त्या संध्याकाळी त्याहून लांब होतं. आणि ते लांब झालं होतं ते डोंगरामुळे नव्हे. डोंगर तिचा रोजचा होता. मधे आलेला रविवार होता.

टोकावड्याच्या जवळपास फोनला रेंज आली. दोन दिवसांचे मेसेज एकामागून एक पडू लागले. सोमवारी सकाळी साडेनऊला आमची टीम मीटिंग असते. कल्याणला पोचून लोकल पकडून घरी जायला मध्यरात्र होणार हे दिसत होतं. मी मॅनेजरला लिहिलं, “घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलोय, उशीर होईल. उद्या घरून काम करतो, मीटिंगला नसेन.”

एका मिनिटात अंगठ्याचं चिन्ह आलं.